अयस्कान्ताचे बळ आणि वैद्याचे कर्तव्य

गतवर्षी श्रावणात पैठण तालुक्यातील एक पन्नाशीजवळची शेतकरी स्त्री आमच्या चिकित्सालयात आली. मुख पांढुरके, पायांवर शोथ, दोन पायऱ्या चढल्या की धाप. पाण्डुरोगाचे निदान करण्यास नाडी धरण्याचीही आवश्यकता नव्हती. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास निघाले. तिच्या मनगटात तांब्याचे, चुंबकाचे मणी बसविलेले कडे होते आणि पिशवीत एक बाटली होती. त्या बाटलीतील पाणी रात्रभर चुंबकावर ठेवून सकाळी प्यावयाचे, असे तिला सांगण्यात आले होते. "रक्तातले लोखंड चुंबक ओढून घेतो, त्यामुळे रक्त वाढते," हे तिने अगदी विश्वासाने आम्हास सांगितले. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या तिने चार महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. पुढील तपासणीत रक्तप्रदर हे मूळ कारण निघाले. त्याची चिकित्सा झाली, रुग्णा सावरली. परंतु ते चार महिने वाया गेले, आणि आणखी दोन महिने गेले असते तर काय झाले असते, हे वैद्यबांधवांना सांगावयास नको.

ते कडे तिने "आयुर्वेदिक" अशी पाटी असलेल्या दुकानातून घेतले होते. येथे आमची मान खाली जाते. कारण तशीच कडी आमच्याही औषधालयाच्या काचेच्या कपाटात दोन वर्षे टांगलेली होती. वितरकाने आणून दिली, रुग्ण मागत होते, नफा बरा होता; आम्ही विचार केला नाही. "अपाय तर नाही ना?" एवढ्यावर आम्ही समाधान मानले. त्या स्त्रीकडे पाहिल्यावर आम्हास कळले, की जी वस्तू स्वतः अपाय करीत नाही, तीही योग्य चिकित्सेची जागा अडवून बसली म्हणजे अपाय करते. त्या दिवशी कपाट रिकामे केले. आणि चुंबक म्हणजे नेमके काय, याचा अभ्यास करावयास घेतला. त्या अभ्यासातून बनलेले मत येथे मांडीत आहोत.

आपल्या ग्रंथांत काय आहे?

चुंबकाची कडी विकणारे नेहमी म्हणतात, की हे सर्व आपल्या ग्रंथांत आहे. म्हणून प्रथम ग्रंथच पाहू.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. पाचन, भेदन, प्रक्षालन, आचूषण इत्यादींबरोबर अयस्कान्ताचाही त्यांत समावेश आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आचार्य केवळ नाव सांगून थांबत नाहीत. शल्य अनुलोम असावे, अडकून बसलेले नसावे, त्याला कर्ण म्हणजे उलटे काटे नसावेत आणि व्रणाचे मुख मोठे असावे, अशा मर्यादा ते घालून देतात. ज्याने शलाका हातात घेऊन प्रत्यक्ष प्रयोग केला आहे, तोच अशा मर्यादा लिहू शकतो. चुंबकाचे बळ थोडे आहे, ते जवळूनच चालते, अडकलेल्या वस्तूस ते हलवू शकत नाही, हे सर्व त्या मर्यादांत आलेले आहे.

रसशास्त्रात कान्तलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकान्त असे पाच प्रकार सांगितले आहेत. लोहाला फिरविणारा, लोहाला चिकटणारा, लोहाला ओढणारा, अशी ती नावे गुणावरून पडली. परंतु या कान्तलोहाचा औषध म्हणून उपयोग शोधन आणि मारण केल्यानंतर, भस्मरूपाने करावयाचा आहे. मारणाच्या अग्नीत त्याच्या आकर्षणशक्तीचे काय होते, हे आपण पुढे पाहणार आहोत.

तिसरा उल्लेख वैशेषिक दर्शनाचा. पदार्थविज्ञान शिकताना आपण सर्वांनी तो वाचला आहे. कणादांनी पाचव्या अध्यायात कर्माची, म्हणजे गतीची, कारणे शोधली. मुसळ उचलण्याचे कारण प्रयत्न आणि संयोग, फळ पडण्याचे कारण गुरुत्व. परंतु सुई चुंबकाकडे सरकते ती कोणी ढकलल्यावाचून, मध्ये काहीही न दिसता. येथे त्यांनी "अदृष्ट" हे कारण सांगितले. वृक्षाच्या मुळातून पाणी वर चढणे हेही त्यांनी अदृष्टकारितच मानले. पुढील काळात अदृष्ट शब्दास धर्माधर्माचा अर्थ चिकटला, तरी या ठिकाणी आम्हास त्यात एका प्रामाणिक निरीक्षकाची कबुली दिसते. गती दिसते आहे. कारण दिसत नाही. म्हणून त्यास खोटे नाव न देता अदृष्ट म्हणावे.

मग आज ते कारण दृष्ट झाले आहे काय? आमचे उत्तर, बव्हंशी होय.

अदृष्ट दृष्ट कसे झाले

हे काम सुरू करणारा पहिला मोठा पुरुष आपल्याच व्यवसायातला होता. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली चुंबकावरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी युरोपात अशी दृढ समजूत होती, की लसूण चोळल्यास चुंबकाचे बळ नष्ट होते. शतकानुशतके ग्रंथांमागून ग्रंथांत ती उतरविली जात होती. गिल्बर्टने ती खोडून काढली. चुंबकाचा गोळा करून त्यावर लहान सुई फिरविली आणि होकायंत्र उत्तर दाखविते याचे कारण आकाशात नसून पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, असे प्रतिपादिले. लसूण आपल्याही नित्य वापरातील द्रव्य आहे. तेव्हा ही गोष्ट आपण विसरू नये.

त्यानंतर दोनशे वीस वर्षांनी, १८२० साली, डेन्मार्कमधील ओर्स्टेड यास दिसले की तारेतून विद्युतप्रवाह गेला म्हणजे जवळची होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी फ्रान्सच्या अँपिअरने दाखविले, की एकाच दिशेने प्रवाह वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात. तेथे लोहही नाही, चुंबकाचा दगडही नाही. आहे तो केवळ वाहता विद्युतप्रभार. १८३१ साली फॅरडेने उलट बाजू दाखविली. बदलते चुंबकीय क्षेत्र तारेत विद्युतप्रवाह निर्माण करते. आपल्या घरी येणारी वीज ज्या जनित्रात तयार होते, त्याचे तत्त्व हेच. १८६५ साली मॅक्सवेलने विद्युत आणि चुंबकत्व एकाच समीकरणसमूहात बांधले आणि प्रकाश हाही त्याच क्षेत्रांचा तरंग आहे, असे अनुमान केले. १९०५ साली आइन्स्टाइनने सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला तेव्हा या एकत्वाचे मर्म आणखी उलगडले. एका निरीक्षकास जे निव्वळ विद्युतबल दिसते, त्यातील काही भाग प्रभाराच्या सापेक्ष चालणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकास चुंबकीय बल म्हणून दिसतो. म्हणून चुंबकत्व हे स्वतंत्र मूलभूत बल नव्हे. गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, प्रबल केंद्रकीय आणि क्षीण केंद्रकीय ही निसर्गातील चार मूलभूत बले. चुंबकत्व हे त्यांपैकी दुसऱ्याचे एक अंग आहे. दोषांचे जसे प्रकुपित होण्याचे मार्ग अनेक, पण दोष तोच, तसे काहीसे हे म्हणता येईल. दृष्टान्त हा दृष्टान्तापुरताच.

मग जो दगड स्वस्थ पडून आहे, ज्यातून तार गेलेली नाही, तो चुंबक कसा? उत्तर अणूच्या आत आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वभावतःच एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. त्याच्या या आंतरिक गुणास "स्पिन" म्हणतात. तो भोवऱ्यासारखा खरोखर फिरतो असे नव्हे. परंतु प्रभार आणि वस्तुमान यांप्रमाणे तो त्याचा सहज गुण आहे. बहुतेक द्रव्यांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात, एकाची दिशा दुसऱ्याच्या विरुद्ध. म्हणून बाहेर काहीच उरत नाही. लोहाच्या एकाकी अणूत चार इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. शिवाय लोहात शेजारच्या अणूंचे हे सूक्ष्म चुंबक एकाच दिशेस राहणे पसंत करतात. याचे कारण हायझेनबर्गने १९२८ साली पुंजयामिकीच्या आधारे दिले. जुन्या, म्हणजे न्यूटन-मॅक्सवेलच्या, भौतिकीने या स्थायी चुंबकत्वाचे स्पष्टीकरण होऊच शकत नाही, हे त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. तात्पर्य, आमच्या टेबलावरील कागद धरून ठेवणारा चुंबक हा पुंजभौतिकीचा हातात धरता येणारा पुरावा आहे.

लोहाच्या साध्या तुकड्यात असे अणूंचे समूह वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून असतात, म्हणून तो चुंबक वाटत नाही. चुंबक जवळ आणला म्हणजे ते समूह एका दिशेस वळतात आणि तुकडा ओढला जातो. उष्णता दिली की अणूंची हालचाल ही शिस्त मोडते. लोहाचे चुंबकत्व सुमारे ७७० अंश सेल्सिअसला, तर अयस्कान्ताचे, म्हणजे मॅग्नेटाइट या खनिजाचे, सुमारे ५८० अंशांना जाते. पुटे देणाऱ्या औषधनिर्मात्यांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

आपल्या पायाखालचा चुंबक

हे सारे परदेशी प्रयोगशाळांचे पुराण वाटू नये म्हणून दोन गोष्टी आपल्या भूमीतल्या.

छत्रपती संभाजीनगर ज्या काळ्या कातळावर वसले आहे, ज्यातून वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी कोरली गेली, तो बेसाल्ट सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. या कातळात मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचे सूक्ष्म कण आहेत. लाव्हा थंड होत असताना त्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली आणि ती आजतागायत सांभाळली आहे. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या कातळावरील या मोजण्या प्रसिद्ध केल्या. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनीही या कामात भर घातली. निष्कर्ष विस्मयकारक होता. हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. आज आपले शहर सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. अनेक थरांतील चुंबकत्वाची दिशा तर आजच्या नेमकी उलट आहे, कारण त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच अदलाबदल झालेले होते. कैलास लेण्यास आपण शेकडो वेळा गेलो असू. ज्या दगडास हात लावला, तो दगड चुंबकीय दिशेची अशी नोंद करणाऱ्या कातळाचा आहे, हे आम्हास ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट कुलाब्याची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत असे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील स्फोटामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची नोंद तेथील निरीक्षकांनी डोळ्यांनी सुई वाचून घेतली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरला होता. ती वही आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबाग येथे नवीन वेधशाळा उभारली. लोहाचा अंश टाळून बांधलेल्या त्या इमारतीत आणि जुन्या कुलाब्यात दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. आज नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था ही परंपरा चालविते.

दोन वर्षे दोन ठिकाणी एकच मोजणी, केवळ नोंदीत खंड वा चूक राहू नये म्हणून! आपल्यापैकी किती जणांनी आपल्या चिकित्सालयातील एखाद्या कल्पाची नोंद इतक्या निष्ठेने ठेवली आहे? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो.

रक्त, पाणी आणि कडे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चुंबक रक्तातील लोह ओढतो काय?

हा प्रश्न फॅरडेसही पडला होता. १८४५ साली त्याने वाळलेले रक्त तपासले. ते लोहासारखे ओढले जात नव्हते. ताजे, द्रव रक्त तपासावयास हवे, अशी टीप त्याने स्वतःसाठी लिहून ठेवली. नव्वद वर्षांनी, १९३६ साली, पॉलिंग आणि कोरियेल यांनी तिचे उत्तर दिले. प्राणवायूने युक्त हिमोग्लोबिनात जोडीविना इलेक्ट्रॉन शिल्लक नसतात. ते चुंबकापासून किंचित दूरच ढकलले जाते. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन अत्यल्प ओढले जाते. कारण उघड आहे. रक्तातील लोह हा धातूचा कण नव्हे. त्याचा एकेक अणू प्रथिनाच्या कोंदणात स्वतंत्र बसलेला आहे. शेजारी शेजारी उभे राहून एकाच दिशेस तोंड करणारा लोहाच्या अणूंचा समूह तेथे नाहीच. दीपन-पाचन न करता लोह शरीरात मुरत नाही, हे आपणच रुग्णास सांगतो. मग बाहेरून चुंबक लावून ते वाढेल, हे आपण कसे मानले?

ज्यांना ही सूक्ष्म चर्चा नको असेल त्यांनी एमआरआय यंत्राचा विचार करावा. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. नेहमीच्या एमआरआय यंत्राचे दीड टेस्ला, म्हणजे त्याच्या सुमारे पस्तीस हजार पट. रक्त जर चुंबकाने ओढले जात असते, तर त्या यंत्रात गेलेल्या रुग्णाचे रक्त एका बाजूस गोळा झाले असते. तसे होत नाही. मनगटातील मण्याचे बळ तर त्यापुढे नगण्य. शिवाय मण्याच्या आकाराच्या मानाने दूर गेल्यास अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. सांध्याच्या खोलीपर्यंत पोहोचेतो त्यात काय उरणार?

पाण्याचे तेच. पाणी चुंबकाने किंचित दूर ढकलले जाते. १९९७ साली नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लांच्या क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत तरंगविला, तो याच गुणाच्या बळावर. बेडूक सुखरूप राहिला. परंतु क्षेत्र दूर झाले की पाण्यात त्याचा अंशही उरत नाही. पाण्याच्या रेणूत चुंबकत्व साठवून ठेवणारी व्यवस्थाच नाही. बाटली चुंबकावरून उचलली, त्या क्षणी ते पाणी पुन्हा साधे पाणी झाले.

आणि वेदना? २००७ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात स्थिर चुंबकांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वेदनाशमनात खऱ्या आणि खोट्या चुंबकांत लक्षणीय भेद आढळला नाही. संधिवाताच्या एका प्रकाराविषयी अधिक चाचण्या व्हाव्यात, एवढीच वाट लेखकांनी मोकळी ठेवली. त्याहून कितीतरी आधी, १७८४ साली, पॅरिसमध्ये मेस्मरच्या "प्राणिज चुंबकत्वा"ची परीक्षा बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्या समितीने केली होती. डोळे बांधलेल्या व्यक्तीस आपणावर प्रयोग चालू आहे असे वाटले की लक्षणे उत्पन्न होत. प्रयोग चालू असूनही ते ठाऊक नसले तर काहीच होत नसे. रुग्णास बरे वाटते हे खोटे नसते. ते चुंबकामुळे वाटते, हे सिद्ध करावयाचे असते.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते आदराने विचारात घेतले पाहिजेत.

पहिला असा, की आधुनिक वैद्यकही चुंबक वापरते. खरे आहे. १९८५ साली बार्कर यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूस उत्तेजित करून दाखविले. २००८ पासून अमेरिकेत विषादाच्या चिकित्सेसाठी असे यंत्र मान्य आहे. परंतु तेथे क्षेत्र क्षणार्धात चढते आणि उतरते, आणि फॅरडेच्या नियमानुसार मेंदूत विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. काम करतो तो प्रवाह. कड्यातील मणी स्थिर आहे. तो असे काही करीत नाही. दोहोंस "चुंबक" हे एकच नाव आहे म्हणून एकाचे यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे म्हणजे वत्सनाभाचे गुण सांगून सुंठ विकणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चरकाचार्यांनी धारण करावयाच्या मण्यांचे कर्म प्रभावजन्य आणि अचिन्त्य म्हटले आहे. मग कड्याचे कर्म प्रभावजन्य का मानू नये? आमचे म्हणणे असे. प्रभाव हे कर्म दिसल्यानंतर लावावयाचे नाव आहे. रस, गुण, वीर्य, विपाक सारखे असूनही दन्ती विरेचन करते आणि चित्रक करीत नाही, हे प्रत्यक्ष पाहून आचार्यांनी तेथे प्रभाव म्हटले. आधी विरेचन, मग प्रभाव. येथे कर्मच दिसलेले नाही. न दिसलेल्या कर्मास प्रभावाचे पांघरूण घालणे, हे आचार्यांच्या शब्दाचा दुरुपयोग करणे होय. शिवाय विकणारा स्वतःच "लोह ओढतो" असे भौतिक कारण सांगतो. ते खोटे ठरले की प्रभावाकडे धाव घेतो. एका मुखाने दोन शास्त्रे बोलता येत नाहीत.

चुंबकाचा खरा उपयोग

याचा अर्थ चुंबकास औषधालयातून हाकलून द्यावे असा नाही. त्यास योग्य जागी बसवावे, एवढेच.

चूर्णे दळताना यंत्राचे झिजलेले लोहकण त्यांत मिसळतात. चाळणीनंतर चूर्ण बलवान चुंबकावरून सोडल्यास ते कण पकडले जातात. मात्र स्वयंपाकघरातील भांड्यांच्या जातीचे बेगंज पोलाद चुंबकास सहसा चिकटत नाही. तेथे चुंबकावर विसंबू नये. कच्चे लोहचूर्ण विकत घेताना भेसळीची पहिली चाचपणीही चुंबकाने होते.

लोहभस्म आणि मण्डूरभस्म यांविषयी एक गैरसमज दूर व्हावा. भस्म चुंबकास चिकटले म्हणजे ते कच्चे, असे काही जण मानतात. धातुरूप लोह चिकटते हे खरे. परंतु मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइडही तितक्याच उत्साहाने चिकटते. शरावसंपुटात वनस्पतिरसांच्या सान्निध्यात वायू अपुरा असेल तर ते तयार होऊ शकते. भरपूर वायू आणि तीव्र अग्नी मिळाल्यास लाल हेमाटाइट बनते आणि ते जवळपास चिकटतच नाही. म्हणजे कान्तलोहाची जी आकर्षणशक्ती कड्याच्या जाहिरातीत औषधी म्हणून मिरविली जाते, ती शास्त्रोक्त मारणात ५८० अंशांवर तर मोडतेच, आणि भस्म लाल झाले की थंड झाल्यावरही परतत नाही. आचार्यांनी औषध म्हणून दिले ते हे भस्म. चुंबकाची कसोटी एकटी निर्णायक नाही. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या कसोट्यांबरोबर क्ष-किरण विवर्तनाची तपासणी हवी. आपल्याच शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फेराइट या चुंबकीय द्रव्यांवर संशोधन झालेले आहे. सभासद औषधालयांनी आपापल्या लोहभस्माचे नमुने तेथे तपासून घ्यावेत आणि निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, याच त्रैमासिकात छापावेत, अशी आमची सूचना आहे.

आमचे निवेदन

संघटनेपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, सभासदांनी चुंबकीय कडी, गाद्या आणि पाण्याच्या बाटल्या आयुर्वेदाच्या नावाखाली विकू नयेत. मधुमेह वा रक्तदाब बरा करण्याचा दावा करून अशी वस्तू जाहिरातीत आणणे हे १९५४ सालच्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हेही विसरू नये. दुसरी, ज्याच्या हृदयात पेसमेकर आहे अशा रुग्णाच्या अंगावर चुंबक आढळल्यास तो तत्काळ दूर करावयास सांगावे; बलवान चुंबक जवळ आल्यास त्या यंत्राची रीत बदलू शकते. तिसरी, रुग्णाच्या मनगटात असे कडे दिसले तर त्याची थट्टा करू नये. कोणते औषध बंद केलेस, एवढेच शांतपणे विचारावे. अपाय असतो तो बहुधा त्या उत्तरात.

यात आपला आर्थिक तोटा आहे हे आम्ही जाणतो. आमचाही झाला. काही रुग्ण शेजारच्या दुकानात गेले. परंतु जो व्यवसाय रुग्णाच्या अज्ञानावर चालतो तो वैद्याचा नव्हे, हे आपणास कोणी परक्याने येऊन सांगावे लागू नये.

कणादांनी सुईच्या गतीस अदृष्ट म्हटले, कारण त्यांना कारण दिसले नाही. सुश्रुतांनी अयस्कान्ताच्या मर्यादा लिहिल्या, कारण त्यांना त्या दिसल्या. आपणास आज कारणही दिसते आहे आणि मर्यादाही. एवढे दिसत असूनही आपण डोळे मिटून कडे विकत राहिलो, तर दोष अयस्कान्ताचा नाही.

पैठणची ती रुग्णा मागील महिन्यात पुन्हा येऊन गेली. हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे. कडे तिने काढून ठेवले आहे. "त्याचे पैसे परत मिळतील का?" असे तिने आम्हास विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.